पुरावा म्हणून दोन गाल

त्या पुडीत होतं काय?

नागसेननं हे पहिल्यांदा विचारलं ते अमरावतीच्या दवाखान्यात, त्याची मोठी बहीण माधवी गेली त्या सकाळी. डॉक्टर म्हणाले, "अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पण तपासल्याशिवाय मी कसं सांगू?" आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मग त्यानं वडिलांना विचारलं. पुंजाजी म्हणाले, "जडीबुटी." अकोल्याच्या वैद्यबुवांना फोनवर विचारलं, तर ते म्हणाले, "श्रद्धा."

माधवीला संधिवात होता. बोटं वाकडी झाली होती, कपातला चहा सांडायचा. वैद्यबुवांची पुडी सुरू झाली आणि महिन्याभरात ती भाकरी थापायला लागली. गाल भरले, चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला. सारं वलगाव म्हणालं, पोरगी काय सुधारली! मग साखर वाढली, पायाला साधा काटा लागला तो चिघळला, आणि सुधारलेली पोरगी आठवड्यात गेली.

नागसेन वलगाव-अमरावती ऑटो चालवायचा. शिक्षण आठवी, तेही शाळेनं दया दाखवली म्हणून. डोकं गरम. उरलेली पुडी खिशात घालून तो औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत थेट साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"सीलबंद बाटली आहे?" साहेबांनी विचारलं.

"बाटली नाई साहेब. पेपरात बांधून देते तो."

"त्यावर बॅच नंबर?"

"पेपरवर भविष्य हाय. मेष रास. प्रकृती उत्तम राहील म्हणते."

"बिल?"

"देत नाई."

"मग पुरावा काय तुमच्याकडे?"

"बहीण मेली साहेब."

साहेबांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला (माणूस वाईट नव्हता, खुर्ची तशी होती). मग म्हणाले, "उघडी पुडी आम्हाला घेता येत नाही. शिवाय आयुर्वेदिक असेल तर तो विषय दुसऱ्या साहेबांचा. त्यांची जागा रिकामी आहे."

घरी आल्यावर पुंजाजींनीच झापलं. "त्यायच्या सीलचं मले सांगू नको! खोकल्याचं औषध पिऊन लेकरं मेली, पेपरात आलतं ना? ते सीलबंदच होतं. बिलही होतं."

 वादात हरला की नागसेन काहीतरी करून बसायचा. त्यानं ठरवलं, आता पुडी आपणच खायची. रोज खायची, आजारी पडायचं आणि साहेबांच्या टेबलावरच आडवं व्हायचं. मग म्हणू द्या पुरावा नाही! तो अकोल्याला गेला आणि पुड्यांचा गठ्ठाच घेऊन आला.

पण तो आडवा काही होईना. उलट भूक अशी खवळली, की ऑटो रस्त्यात थांबवून तो आलूबोंडे हाणायचा. प्रवासी कंटाळून उतरून चालू लागायचे आणि त्याच्या आधी अमरावतीला पोचायचे. घरी तो माधवीच्या आठवणीनं रडायचा आणि रडता रडता जेवायचा. वरणात मीठ कमी पडलं तरी त्याला कळत नसे. गाल फुगले, मान भरली, अंगात बैलासारखी ताकद आली. लोक म्हणू लागले, "बहीण गेली अन् हा पाहा कसा फुलून राहिला!"

दोनेक महिन्यांनी माधवीचा वाढदिवस आला. त्याच दिवशी तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. अंगणात मांडव, मांडवात भंतेजी, टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि बाजूला हार घातलेला माधवीचा फोटो. (फोटो पुडीच्या काळातला. तिचा इतका टवटवीत दुसरा फोटो घरात नव्हता.) वंदना सुरू झाली. सगळे सतरंजीवर बसले, आणि नागसेन वंदना म्हणायचीच विसरला.

त्याची आई, चतुराबाई, खाली बसली होती.

कित्येक वर्षं ती गुडघ्यांमुळे प्रत्येक कार्यक्रमाला खुर्ची घेऊन बसायची. आज गुडघे टेकून तिनं वंदन केलं आणि हाताचा आधारही न घेता उठली.

"माय," तो तिच्या कानाशी लागला, "तू पुडी खाल्ली?"

"थोडीशीच. तुले मानवली ना, म्हटलं आपुनबी पाहावं."

श्रद्धांजलीची भाषणं चालू झाली होती. नागसेननं बोलणाऱ्याच्या हातून माइक ओढला. "आइका सारे! माह्या बहिणीले या पुडीनं मारलं! तेच विष मी खाऊन राहिलो, आता मायबी खाऊन राहिली! आमच्याकडे पाहा!"

इथं चुकलं. लोकांनी खरंच पाहिलं. आधी त्याच्या लालबुंद गालांकडे, मग उभ्या असलेल्या चतुराबाईच्या गुडघ्यांकडे आणि शेवटी फोटोकडे.

जेवणं झाल्यावर शेजारच्या पार्वताबाईनं त्याला मांडवाबाहेर गाठलं. मागे सात-आठ बाया. "नागसेन, चांगला बोल्ला बाप्पा. डोयात पाणी आलं. आता पत्ता दे."

"मावशी, विष हाय ते!"

"माह्या टोंगळ्याले विषच पायजे," पार्वताबाई गुडघ्यावर हात मारत म्हणाली. " औषधं सारी करून झाली."

नागसेननं हात जोडले, शिव्या दिल्या, माधवीची शपथ घातली. बाया हलेनात. तेव्हा त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं पत्ता दिला. "अमरावतीत साहेबापाशी भेटते. तो नाई म्हणन. हटू नका. उद्या मीच नेतो, फुकट."

दुसऱ्या दिवशी दोन खेपांत त्यानं साऱ्यांना कचेरीच्या दारात उतरवलं. मागे राहायला तयार नव्हती म्हणून आईही आली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. बाया कण्हत, कठडा धरत, साहेबांच्या नावानं बोटं मोडत वर पोचल्या आणि पुडी मागू लागल्या.

"हा दवाखाना नाही!" साहेब ओरडले.

"तुमी असंच म्हणसान, हे आमाले मालूम हाय," पार्वताबाई म्हणाली आणि समोरच फतकल मारून बसली.

नागसेन पुढे झाला. "साहेब, पुरावा पायजे होता ना? मी अन् माय, दोघंबी आलो. कुठं सील मारता ते मारा."

साहेबांनी त्याच्या गालांकडे पाहिलं, चतुराबाईकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. हळूच म्हणाले, "एकदम बंद करू नका. जिवावर बेतेल. आईंना आधी दवाखान्यात न्या. तुम्हीही दाखवा. आजच."

"म्हणजे पुडीत काय हाय ते तुमाले मालूम हाय!"

"मला काहीही माहीत नाही," साहेब घाईनं म्हणाले. "रिपोर्टशिवाय मी बोलू शकत नाही."

जेवणाची सुट्टी झाली, शिपायानं दार लावलं. चढताना बाया जिद्दीनं चढल्या होत्या. उतरताना एकीचाही गुडघा वाकेना. मग नागसेननं एकेकीला पाठीवर घेतलं आणि खालच्या पायऱ्यांवर नेऊन बसवलं. साऱ्या झाल्या. चतुराबाई तेवढी राहिली, आणि ती एकटीच खटाखट जिना उतरू लागली. खालच्या बायांच्या माना एकदम वर झाल्या.

नागसेन धावत गेला, तिच्यापुढे वाकला आणि तिलाही पाठीवर घेतलं.

"सोड बे! माह्ये पाय चांगले हायेत!"

"म्हणूनच."

ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. अर्ध्या जिन्यात थांबली. "मी जड लागतो का रे तुले?"

"नाई."

"दम?"

"नाई लागला."

"एवढ्या बाया उतरवल्या लेका. मंग वाईट काय हाय त्या पुडीत?"

 खाली बसलेल्या बायांमधून वाट काढत नागसेननं तिला ऑटोत बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हणून तिच्या मांडीवर सारला आणि गाडी दवाखान्याकडे भरधाव सोडली.

मागून पार्वताबाईचा आवाज आला, "पाह्यलं का? पोट्टा मायले एकटीलेच घेऊन चालला पुडी आणाले!"