मामांच्या किडनीचा मंजूर रंग

माणसाचं पोट उघडण्याआधी ते संगणकावर उघडून बघावं, यातच मानवजातीची प्रगती आहे. आमच्या इस्पितळाने ही प्रगती गेल्या महिन्यात तीन दिवसांत उरकली. स्कॅनवरून पोटाचं गोल फिरणारं चित्र बनवणारं सॉफ्टवेअर आलं, आणि ते शिकायला सात सर्जन आणि मी असे बसलो. (मी स्कॅन खात्यातला तंत्रज्ञ. खुर्च्या लावणंही माझ्याकडेच.) सरावाला पेशंट हवा होता, मी माझे सख्खे मामा दिले. त्यांच्या एका किडनीत गाठ होती आणि ती किडनी चौथ्या दिवशी काढायची होती.

पहिला दिवस रंगात गेला. किडनी जांभळी की विटकरी, यावर साडेचार तास सांगोपांग चर्चा झाली. (विटकरी मंजूर. गाठ पोपटी.) दुसऱ्या दिवशी मामांना पडद्यावर ३४० वेळा फिरवण्यात आलं. दोन सर्जनना गरगरलं; मामा बाहेर बाकावर पेपर वाचत होते. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात इस्पितळाचं बोधचिन्ह बसवलं. तिथे एक चिमुकला माणूस उभा असायचा, पेशंटचं तोंड कुणीकडे आहे ते दाखवायला. तो झाकला गेला, पण शोभा आली.

मग मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "गाठ पडद्यावर डावीकडे दिसतेय. म्हणजे यांची कुठली किडनी?"

मामा आपल्याकडे तोंड करून असतील तर उजवी, पाठ करून असतील तर डावी. रीतसर मतदान झालं. उजवी चार, डावी तीन. (स्कॅनच्या रिपोर्टात बाजू स्वच्छ लिहिली होती, पण कागद वाचणं जुन्या पद्धतीत मोडतं.) धडधाकट किडनी निघाली तर मामांचं काय, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर कळलं की तंत्रज्ञांना मताधिकार नाही.

मामांनी दारातून डोकावून विचारलं, "काय रे, कोण निवडून आलं?"

त्यांच्यामागून मामी आत शिरली. मामी शिवणकाम करते. चष्मा सावरत ती पडद्याला नाक लावून उभी राहिली.

"अहो डॉक्टर, ही पाठ आहे! कणा बघा की, कसा पुढे आलाय. तीस वर्षं यांचे शर्ट शिवतेय, मला यांची पाठ कळत नाही होय?"

नाइलाजाने रिपोर्ट वाचण्यात आला. गाठ डाव्या किडनीतच होती.

चौथ्या दिवशी डावी किडनी निघाली आणि आठवड्याभरात मामा हसतखेळत घरी गेले. मला इतकं हायसं वाटलं की मी मामीला सगळ्यांदेखत मिठी मारली. अहवालात सॉफ्टवेअरची अचूकता शंभर टक्के नोंदली गेली, सातही सर्जनना प्रमाणपत्रं मिळाली. मामीला मिळालं नाही. (नावनोंदणी मुदतीत केली नव्हती.)

हसलात ना? एवढी शिकलेली माणसं आणि डावं-उजवं कळत नाही, म्हणे! बरं, तुमचं स्वतःचं यकृत कुठल्या बाजूला आहे, जरा हात ठेवून दाखवा.

ठेवलात? नक्की?

मग आता दुसरीकडे का सरकवताय?