लोटू मास्तर आणि निंबाचा बस्ता

लोटू मास्तर फोनवर एवढंच म्हणाले, "या हो, अ‍ॅडजस्ट होईल." मग ते निवांत चहा प्यायले. (चहा मालतीबाईंनी केलेला, निवांतपणा तेवढा त्यांचा स्वतःचा.)

'अ‍ॅडजस्ट' हा शब्द मास्तरांनी सुरतेत येऊन कमावलेला. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात ते मागांवरचे मास्तर; लूम खडखडू लागला की पान्याने नट आवळायचा, झालं अ‍ॅडजस्ट. शेठने रविवारीही कामावर बोलावलं, तर ते अ‍ॅडजस्ट करणं. रिक्षात चौथा माणूस तिघांच्या मांडीवर आला, तेही अ‍ॅडजस्टच. आणि पर्वत पाटियाच्या दीड खोलीत मालतीबाईंनी आख्खा संसार रेटला, त्यालाही मास्तरांकडे दुसरा शब्द नव्हता. कारखान्यात निदान नट आवळल्याचा आवाज तरी यायचा.

फोन अमळनेरहून निंबाचा, त्यांच्या चुलतभावाचा. मुलाचं लग्न ठरलेलं, बस्ता बांधायला सुरतेला यायचं होतं. "जागा शे ना, भाऊ?" एवढंच त्याने विचारलं होतं. इकडे लेक नूतनचा नर्सिंगच्या प्रवेशाचा पेपर, तोही मंडळी येणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी. गेल्या वर्षी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. यंदाही हुकला तर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या, हे ठरल्यासारखंच होतं. मालतीबाईंनी तसं बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, दोनचार माणसं येतील, पोरगी कोपऱ्यात बसून वाचेल.

खानदेशात लहानाचे मोठे होऊनही मास्तर एक गोष्ट साफ विसरले. बस्ता एकट्या घरचा नसतो. नवरीकडचेही येतात. साडी पसंत करायला मावश्या येतात आणि पसंत केलेली नापसंत करायला आत्या. गल्लीत दोन क्रूझर गाड्या माणसांनी भरून येऊन थांबल्या, तेव्हा मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

संध्याकाळपर्यंत नूतनचा कोपरा गेला. तिचं पुस्तक नवरीच्या आजोबांनी उशाला घेतलं. पोरगी जिन्यात जाऊन बसली, तर येणारा-जाणारा तिला सरकायला सांगू लागला. मास्तर तिला म्हणायला गेले, "बेटा, आजच्या दिवस जरा..." आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना.

"करते, पप्पा," नूतन खाली बघत म्हणाली.

मास्तरांना फार वाईट वाटलं. मालतीबाई मात्र वाईट वाटून घेत बसल्या नाहीत. आजोबांच्या मानेखालून त्यांनी अलगद पुस्तक काढलं, तिथे मास्तरांची चादर घडी करून सरकवली आणि लेकीला घेऊन शेजारच्या शकूच्या घरी निघाल्या. दारात सगळ्यांना सांगून गेल्या की आजचा स्वयंपाक मास्तर करणार आहेत.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा खिचडी केली. खालून करपली, वरून कच्ची राहिली. पण पंगतीला दोन्हीकडचे व्याही! निंबाला वाटलं, आपण नावं ठेवली तर नवरीकडच्यांना काय वाटेल. नवरीकडच्यांनाही नेमकं तेच वाटलं. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि एकमेकांना आग्रह करकरून वाढलं. सकाळी व्याह्यांनी परत तीच खिचडी मागितली. (नवरा मुलगा मात्र बाजारात निघाला तो सारखा पोट धरून.)

निकाल आला आणि नूतनचा नंबर लागला. भरूचला कॉलेज, तिथेच होस्टेल. मास्तरांनी गल्लीभर पेढे वाटले. घरी येऊन बसले तर लेक पिशवी भरत होती.

"तिकडे करमेल का गं तुला?"

"पप्पा, तिथे मला एक पलंग आहे," ती म्हणाली. "माझा एकटीचा."

मास्तरांनी तिची चादर घडी करून पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी आलो भेटायला, तर चालेल ना?"

नूतनने आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"या ना, पप्पा. फक्त स्टेशनवर कुणी भेटलं, तर त्याला चला म्हणू नका."