मागचं सीट

गुरुलिंगप्पांच्या बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, दुकानात गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. मोटारीचं मागचं सीट होतं. भंगारातून आणलेलं, विटांवर टेकवलेलं, एक स्प्रिंग वर आलेलं. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल दुपारी तिथं पाणी प्यायला यायचे आणि अप्पा त्यांना मोटारीत बसायला शिकवायचे.

"टेकून बस. पाय खाली. अंग चोरू नको बे, तुझ्या बापाची मोटार हाय असं बस!"

जन्मभर उकिडवा बसलेला माणूस घाबरत सीटच्या काठावर टेकायचा. त्यात कुणी चुकून डाव्या कोपऱ्याकडं सरकला की अप्पा ओरडायचे, "तिकडं न्हाई! तिकडं सीट भरलंय."

तिकडं कुणीच नसायचं. मला वाटायचं, स्प्रिंग तिकडंच असणार.

मी तेव्हा लातूरच्या एका लहानशा पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर होतो. अहमदपूरकडच्या आमच्या गावात, आमच्या घराण्यातला मी पहिला बी.कॉम. माझ्या सहीला वजन आहे असं मला मनापासून वाटायचं. आजही वाटतं. अप्पांना मात्र वाटत नसे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, धोतराला सुतळीची कुसं चिकटलेली, असे ते समोर उभे राहायचे. "शरणार्थ साहेब" म्हणायचे आणि मागच्या हमालाकडं बोट दाखवायचे.

"याला मोटार पायजे."

"अप्पा, हा हमाल आहे."

"मनूनच की. जल्मभर लोकाच्या गाड्या भरल्या यानं. एक सवताची नको?"

"अहो, दुष्काळ आहे. मोंढ्यात माल नाही. हप्ता कुठून भरणार?"

"साहेब, जिल्हा झालाय आता!"

हे अप्पांचं कशावरही उत्तर. उस्मानाबादेतून निघून लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या; नळाला पाणी तेवढं आलं नव्हतं. आता कचेरीच्या कामाला गावोगावची माणसं येणार, त्यांना भाड्याची मोटार लागणार, हा अप्पांचा हिशोब. सगळ्यात वैताग याचा, की हिशोब बरोबर होता.

असं करत करत त्यांनी दगडूला माझ्या गळ्यात मारलं. दगडूची पाठ कामातून गेली होती. पोतं उचललंस तर कायमचा आडवा होशील, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ट्रकवाल्यांच्या संगतीनं तो गाडी शिकला होता, लायसन काढलं होतं. पण हमालाला ड्रायव्हर म्हणून कुणी ठेवीना. अप्पा जामीन राहिले. मी शिफारस लिहिली. चेअरमन माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या भरवशावर देतोय. गाडी लगेच धंद्याला लागली पाहिजे. नाहीतर ओढून आणू."

उदगीरहून एक जुनी, काळी, फुगीर टपाची मोटार आली. आणि बारदान्याच्या दुकानासमोर उभी राहिली. नुसतीच उभी.

आठवडा झाला तसा मी गेलो. "अप्पा, गाडी भाड्याला का लावली नाही?"

"घरची बसली न्हाई आजून."

"कुणाच्या घरची?"

"दगडूच्या. पैलं तिनं बसायचं. मागं, टेकून. मग भाडं."

दगडूची बायको रुक्मिण निलंग्याकडं माहेरी, रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेली. पगार झाल्याशिवाय येणार नव्हती, आणि पगार कधी होणार हे सरकारलाही ठाऊक नव्हतं.

"दगडू, तू तरी शहाणा हो!"

"अप्पाचा शब्द हाय साहेब. म्या रोज पुसून ठिवतो की."

कशानं पुसतो, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. टँकरचं पाणी प्यायला पुरत नव्हतं, गाडी कोण धुणार? चार-पाच हमाल रोज सकाळी तिला कोरड्या बारदान्यानं घासत होते. प्रेमानं, अंगातला सगळा जोर लावून. टपाचा काळा रंग जाऊन भुईमुगाच्या टरफलासारखी कळा आली होती. हे आमच्या संस्थेचं तारण!

"कशी चमकायलीय, बघा की," त्यातला एक म्हणाला.

सोमवारी चेअरमननी फर्मावलं, "उद्या माणसं पाठवा, गाडी आणा." मी तसाच मोंढ्यात गेलो आणि ओरडलो, "काढ गाडी! चला निलंग्याला! बसवा तिला एकदाची!"

तर अप्पा मागं बसेनात. तिच्या आधी मागं कुणीच बसायचं नाही म्हणे. मलाही बसू देईनात. त्यामुळं मागचं अख्खं सीट रिकामं आणि पुढं आम्ही तिघं. दगडूचा गिअर माझ्या गुडघ्यात, अप्पांचं कोपर माझ्या बरगडीत. औशापर्यंत मी बी.कॉम. असल्याचं विसरलो होतो.

रुक्मिण खडीच्या ढिगाशी भेटली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ. मोटार बघून मागंच सरली. "नगं बाई. सीट खराब व्हईल."

"होऊ दे," अप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः दार उघडलं. "टेकून बस माय. अंग चोरू नको."

ती बसली. कामावरच्या बायका हातोड्या टाकून धावल्या. "अगं रुक्मे, कलेक्टरीण झालीस की!" दगडूनं तिला तलावाच्या कोरड्या पात्रापर्यंत नेऊन आणलं. परत आली तेव्हा ती खरंच टेकून बसली होती आणि काचेतून बायकांना हात करत होती.

उतरताना म्हणाली, "आता तुमी बसा अप्पा. म्या बसले की."

परतीला अप्पा मागं बसले. मग काचेकडं तोंड करून ते म्हणाले, "आमच्या घरचीला मोटारीत बसायची लई हौस. मी मनायचो, पुढल्या सालाला. दरसाल पुढल्या सालाला. बसली मग. एकदाच. ताठ, टेकून. विमानात."

अप्पांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. फुलांनी सजवलेल्या मखरात बसवून नेतात. त्याला विमान म्हणतात.

अप्पा दगडूच्या मागं, उजव्या दाराला अगदी चिकटून बसले होते. मी उगीच म्हणालो, "अप्पा, मधे सरका की. ऐसपैस बसा."

"ऱ्हाऊ द्या साहेब," अप्पा म्हणाले. "तिकडं सीट भरलंय."

दुकानासमोर गाडी थांबली. दगडू उतरला. अप्पांचं दार त्याच्या हाताशीच होतं. पण तो मोटारीला वळसा घालून पलीकडं गेला, मागचं डावं दार उघडलं, कुणी सावकाश उतरावं इतका वेळ धरून ठेवलं आणि हळूच लावलं. मग येऊन त्यानं अप्पांचं दार उघडलं.