विमल घरत यांच्याविरुद्ध माझे म्हणणे

प्रथम दिवस आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद करतो.

गेल्या धुळवडीला, पनवेलमध्ये दिसणाऱ्या एका स्थानिक केबल वाहिनीवर, रात्री अकराच्या कार्यक्रमात माझी नावानिशी टिंगल झाली. जबाबदार : श्रीमती विमल घरत, निवेदिका. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा झाली आणि या वेळी माझ्या चालण्याची नक्कलही करण्यात आली. जबाबदार : उपरोक्त श्रीमती घरत, तसेच वाहिनीचे मालक अन्वरभाई. दिवाळीच्या पाडव्यापासून आजतागायत त्या कार्यक्रमात माझे नाव एकदाही उच्चारले गेलेले नाही. जबाबदार : श्रीमती घरत. केवळ श्रीमती घरत.

पहिल्या दोन बाबींविषयी माझी तक्रार नाही. तिसरीविषयी आहे, आणि ती मी शेवटपर्यंत चालवणार आहे.

मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्तीनंतर पत्रे लिहितो. जे चुकीचे दिसते त्याविषयी लिहितो, आणि चुकीचे पुष्कळ दिसते. हा माझा परिचय पुरे. परिचय करून द्यायचा आहे तो विमलताईंचा.

विमलताई मूळच्या उरणकडच्या. वडिलांचे मिठागर होते. नोकरीची सारी वर्षे त्यांनी एका एस.टी. स्थानकाच्या चौकशी खिडकीमागे, ध्वनिक्षेपकासमोर काढली. गाड्या लागल्याचे, सुटल्याचे आणि रद्द झाल्याचे त्या एकाच स्वरात सांगत. निवृत्त झाल्यावर अन्वरभाईंनी त्यांना विचारले, ‘‘आपा, आवाज घरात बसून गंजेल. माझ्या चॅनलवर बातम्या वाचता का?’’ विमलताई म्हणाल्या, ‘‘बातम्या वाचून मला हसू येतं. चालंल का?’’ अन्वरभाई व्यवहारी गृहस्थ आहेत. त्यांनी चालवून घेतले.

अशा रीतीने ‘निकाल रात्रीचा’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात पनवेल, कळंबोली, उरण या टापूतल्या दिवसभराच्या बातम्या येतात, पण त्या गाडी सुटल्याच्या उद्घोषणेसारख्या येतात. एकदा त्यांनी सांगितले : ‘‘नवीन पुलाचे उद्घाटन करणारे माननीय महोदय फलाट क्रमांक दोनवर फीत आणि कात्री घेऊन उभे आहेत. पूल मात्र मागच्या स्थानकावरून अद्याप सुटलेला नाही. प्रवाशांनी नोंद घ्यावी.’’ चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. अंबाड्यात अबोलीचा गजरा, साडीवर काळा कोट, आणि वाक्य संपले की टेबलावर हातोड्याचा एक ठोका.

त्या ठोक्यापासूनच आमचा संबंध सुरू झाला. मी त्यांना पत्र लिहिले. त्यात तीन आक्षेप होते. ‘निकाल’ हा शब्द वापरण्याचा त्यांना अधिकार नाही. काळा कोट हा वकिलांचा गणवेश आहे. आणि भारतीय न्यायालयांत हातोडा वापरण्याची प्रथाच नाही, ती परदेशी चित्रपटांतून लोकांच्या डोक्यात शिरली आहे. तिन्ही आक्षेप आजही कायम आहेत.

धुळवडीच्या रात्री त्यांनी ते पत्र संपूर्ण वाचले. अर्धविरामांसकट वाचले, हे मी मान्य करतो. मग कॅमेऱ्याकडे पाहिले आणि चौकशी खिडकीचा आवाज सोडून घरच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘काका, हा हातोडा नाय. हा बत्ता हाय, आमच्या खलबत्त्याचा. यानं वेलदोडा कुटतात. येळ आली तर मानूस.’’ आणि ठोका दिला.

माझी पत्नी कुसुम शेजारी बसली होती. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मी पाणी आणून दिले आणि अब्रुनुकसानीच्या नोटिशीचा मसुदा मनात सुरू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात विमलताई उभ्या. हातात कागदाचा पुडा. आम्ही शाकाहारी आहोत हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते, आणि त्यांची बहीण करंजा बंदरावर दिलेली. पुड्यातल्या सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास त्यांच्या आधी घरात आला.

‘‘काल तुमची टर उडवली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता तुमची पाळी. च्या करा. कप रिकामा होईस्तोवर काय पन बोला, मी उलट बोलनार नाय.’’

ही त्यांची पद्धत मला नंतर सविस्तर कळली. रात्री ज्याची टिंगल करायची, सकाळी त्याच्या घरी जाऊन बसायचे. फुलवाला असो, नगरसेवक असो. एका बांधकाम व्यावसायिकाने त्यांना दोन कप चहा होईपर्यंत शिव्या दिल्या. दुसरा कप त्याने स्वतःच मागवला, कारण त्याचे बोलून झाले नव्हते. विमलताई पदर सावरून ऐकत राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, ‘‘च्यात आलं बरं होतं.’’ या पद्धतीला त्यांचा स्वतःचा एक नियम जोडलेला आहे, आणि तो त्या कधी मोडत नाहीत : ज्याच्या घरी सकाळी जाऊन बसायची आपली हिंमत नाही, त्याचे नाव रात्री घ्यायचे नाही.

मी त्या सकाळी त्यांना सांगितले की, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार म्हणणे आधी ऐकायचे असते, निकाल नंतर. त्यांनी तो मुद्दा विचारपूर्वक ऐकला.

‘‘आदी ऐकलं तर हसू येत नाय, काका. मानूस बरा वाटाय लागतो.’’

आतल्या खोलीत कुसुमला पुन्हा उचकी लागली. विमलताईंनी मान वळवली. ‘‘कोन हाय ती?’’ त्यांनी विचारले. ‘‘अशी हसनारी मला पायजे.’’

यानंतरची हकिकत माझ्या संमतीशिवाय घडली. तो रात्रीचा कार्यक्रम रात्री होतच नाही. अन्वरभाईंच्या दुकानावर एक खोली आहे, तिच्या खिडक्यांना घोंगड्या टांगून तेथे दुपारी चारला रात्र करतात. ‘‘एवढ्या रात्री जागे राहिलेल्या सर्व दर्शकांना नमस्कार,’’ असे विमलताई म्हणतात तेव्हा खाली रस्त्यावर कोथिंबिरीचा भाव चाललेला असतो. ही दर्शकांची दिशाभूल आहे, असे मी लेखी कळवले. उत्तरादाखल माझी पत्नी तेथे जाऊ लागली. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला एक खुर्ची, त्यावर कुसुम. कार्यक्रमात जे हसू ऐकू येई ते तिचे एकटीचे. लोकांना वाटे, सभागृह भरलेले आहे.

शुक्रवारी तिची वेणी घालायलाही विमलताईच येत. रोडपालीला त्या एकट्या राहतात. मुलगी लग्न होऊन नाशिकला. सकाळी ज्यांच्या शिव्या खायला जायचे तीच माणसे हा त्यांचा गोतावळा, असे कुसुम म्हणे. सोड्यांऐवजी आता सोललेले कडवे वाल येऊ लागले. एकेक दाणा बोटाने सोललेला. पुडा कुसुमच्या हातात, शब्द माझ्यासाठी : ‘‘काय काका, आज कुनाला कोर्टात खेचलं?’’ मी वर्तमानपत्र खाली न करता उत्तर देत असे. त्यावर दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसत. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीची माझ्या चालण्याची नक्कल याच स्वयंपाकघरात बसवली गेली, अशी माझी पक्की खात्री आहे. साक्षीदार उरलेला नाही.

नवरात्रात कुसुम गेली. साध्या तापाचे निमित्त झाले.

त्या दिवसांत विमलताई रोज आल्या. पिठलंभाताचे डबे आणले. पण प्रत्येक वेळी जिन्यातल्या वरच्या पायरीवर थांबल्या आणि डबा समोरच्या कुलकर्णीबाईंच्या हातून आत पाठवला. उंबरा ओलांडला नाही. मला त्या वेळी त्याचा अर्थ लावण्याइतके भान नव्हते.

पाडव्यापासून कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, आणि मी त्यातून वगळलेला आढळलो. मला दया दाखवली जात आहे, असा मी निष्कर्ष काढला. दया हा मला न मागता दिलेला दिलासा आहे, आणि न मागितलेला दिलासा देण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून मी नव्याने कामाला लागलो. आमच्या रस्त्यावरच्या गतिरोधकाची उंची भर बाजाराच्या वेळी टेप लावून मोजली. सोसायटीच्या ध्वजवंदनाच्या सूचनेत ‘वेळेवर उपस्थित राहावे’ असे लिहून वेळच लिहिली नव्हती. त्यावर मी सविस्तर हरकत नोंदवून ती लिफ्टमध्ये लावली. बागेतला झोपाळा करकरतो म्हणून त्याच्यासमोर उभा राहून पंचनामा केला. लोक जमले, कोणीतरी मोबाइलवर चित्रणही केले.

त्या रात्री विमलताईंनी समोरच्या कुलकर्ण्यांवर निकाल दिला. त्यांनी कुंडीला पाणी घालताना खालच्या मजल्यावरचे पापड भिजवले, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्यावर भला मोठा प्रसंग रंगवला. पंचनाम्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई समोरच्या दारातून आत गेल्या, आणि मी माझ्या दाराच्या आत उभा राहून कपांचा आवाज ऐकला.

तेव्हा मी अन्वरभाईंच्या दुकानी गेलो.

‘‘आइये चाचा, बसा,’’ अन्वरभाई म्हणाले. ‘‘तुमच्यावर एपिसोड का नाही ते मलाच विचारू नका. त्या झोपाळ्याची क्लिप मीच आपांना दिली. खुदा कसम, सोनं होतं. त्यांनी पाहिली, पोट धरून हसल्या, आणि म्हणाल्या, ठेवून दे.’’

‘‘कारण?’’

‘‘कारण विचारायची माझी हिंमत नाही. हसण्याचा आवाज मी बाहेरून विकत आणला होता. टाळ्यांसकट. त्यांनी तो लावूच दिला नाही. म्हणाल्या, डब्यातलं हसू नको. आता जोक झाला की त्या गप्प बसतात, डावीकडे बघतात, मग पुढे जातात. लोक फोन करून विचारतात, आवाज गेला का?’’

मी जिना चढून वर गेलो. घोंगड्या लावलेल्या होत्या. विमलताई गजरा माळत होत्या. मला पाहून त्यांनी बत्ता टेबलाखाली ठेवला.

‘‘माझी योग्यता कोठे कमी पडली, ते स्पष्ट सांगावे,’’ मी म्हणालो.

‘‘तुमच्यात काय कमी पडनार, काका? ती लिफ्टमदली नोटीस वाचली ना मी. आख्खा आठवडा निघाला असता त्यात.’’

‘‘मग माझ्यावर दया करण्याचे कारण?’’

‘‘दया?’’ त्या खरोखरच चकित झाल्या. ‘‘तुमच्यावर? तुमी काय पन बोलता.’’

‘‘तर मग नाव का घेत नाही?’’

त्यांनी गजऱ्यातून निसटलेली एक अबोली उचलली आणि टेबलावर ठेवली.

‘‘नाव घेतलं तर सकाळी यायला लागंल ना.’’

‘‘यावे.’’

‘‘आनी बसू कुनाकडं बघून?’’

खाली कोणीतरी कोथिंबिरीची जुडी सुकलेली आहे म्हणून भांडत होते. विमलताईंनी पदराने डोळे पुसले, मग नाक, आणि मला म्हणाल्या, ‘‘तुमी जा आता, काका. रात्र करायची हाय.’’

मी घरी आलो आणि विचार केला. मी समजत होतो की मला सूट देण्यात आली आहे. वस्तुस्थिती अशी की ज्या बाईने नगरसेवकाच्या आणि बांधकामवाल्याच्या घरी जायला कधी मागेपुढे पाहिले नाही, ती आमच्या दोन खोल्यांच्या घराला घाबरते. तेथे शिव्या खाव्या लागतील म्हणून नव्हे. तेथून आता कोणी हसणार नाही म्हणून.

हे मला समजते. मीही त्या घरात राहतो. रोज सकाळी उठून त्याच स्वयंपाकघरात जातो. मला कोणी जिन्यात थांबण्याची सवलत दिलेली नाही. विमलताईंना तरी ती कोणत्या आधारे मिळते?

ही भेट होऊन बरेच दिवस झाले. माझ्या ‘यावे’ला त्यांचे उत्तर नाही. म्हणून हा मजकूर मी प्रसिद्धीस देत आहे, आणि श्रीमती विमल घरत यांच्याकडे पुढीलप्रमाणे मागणी करीत आहे. त्यांनी येत्या कार्यक्रमात, माझे पूर्ण नाव घेऊन, कोणतीही सूट न देता, माझ्याविरुद्ध निकाल द्यावा. सामग्री कमी पडल्यास मी तातडीने पुरवीन. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे यावे. चहा मी करीन. तो चांगला होत नाही आणि मला हसवणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. तरीही कुसुमच्या जागेवर कोणी बसायचे आणि कोणी समोर बसायचे, हे आपण दोघांनी एकदा समोरासमोर ठरवले पाहिजे. एकट्याने ठरवण्याची ही बाब नव्हे.

यातले काहीच करायचे नसेल, तर का नाही, याचे उत्तर श्रीमती घरत यांनी द्यावे. ते निरोपाने, डब्यातून किंवा कुलकर्णीबाईंच्या हातून स्वीकारले जाणार नाही. उत्तर जाहीर, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, सर्व दर्शकांसमोर हवे.