बेहड्याची बी आणि पांढरा डगला

एका जंगलात, बाळांनो, एक मोठं शिकवणारं रुग्णालय होतं. शिकवणारं म्हणजे तिथे रोगी येत आणि त्यांच्यावर वानरं डॉक्टरकी शिकत. शिकवायला प्रोफेसर गवा होते. त्यांचा राउंड निघाला की मागे वानरांची रांग निघे. नियम एकच. रांगेतल्या प्रत्येकाने रोग्याला सगळं पहिल्यापासून विचारायचं, मग प्रोफेसरांपुढे केस मांडायची. तोवर रोग्याला हात लावायचा नाही.

एके दिवशी तिथल्या कॅज्युअल्टीत एक धनेश पक्षी आला. त्याच्या घशात बेहड्याची बी अडकली होती. त्याचा सगळा जीव मात्र घरी होता. बायको झाडाच्या ढोलीत बसलेली. धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, जेमतेम चोच बाहेर येईल एवढी फट. आत दोन पिल्लं. तिघांचीही पोटं धनेशच्या एका चोचीवर.

"काय होतंय?" पहिल्या वानराने विचारलं.

"घॅक," धनेश म्हणाला.

"कधीपासून?"

"घॅक."

"घरात आणखी कुणाला घॅक आहे?"

मग दुसरं वानर आलं. "काय होतंय?"

धनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कधीपासून येतंय, हेही वानराने विचारलं.

बाहेर रोग्यांची रांग पार नदीपर्यंत गेली होती. म्हणून रुग्णालयाने त्याच दिवशी एक शेकरूबाई नेमल्या होत्या. हुद्दा सहायक वैद्य. बाई भलत्या तोऱ्यात. "मला सिस्टर म्हणायचं नाही हं," असं ज्याला त्याला बजावत त्या आल्या, धनेशची चोच उघडली, आत हात घातला आणि बी बाहेर काढली. बजावणं चालूच होतं.

धनेशने पंख पसरले. तेवढ्यात राउंड आला.

"केस कुठाय?" प्रोफेसरांनी विचारलं.

"बरी झाली, सर," शेकरूबाई म्हणाल्या.

"बरी झाली? माझ्या मुलांनी काही विचारायच्या आत?" प्रोफेसर इतक्या हळू बोलले की सगळेच घाबरले. "मग या पोरांनी शिकायचं कशावर? बी परत घाला."

आणि बाळांनो, बी परत घातली. सांगताना मला अजून चीड येते, पण गोष्ट अशीच आहे.

प्रोफेसर दुष्ट नव्हते. "बाईंचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "त्यांना परकं वागवू नका. आपल्यात सामावून घ्या."

लगेच पांढरा डगला आला. शेकरूबाईंची शेपटी आत मावेना, ती दुमडून कोंबली. रांगेत त्यांना जागा मिळाली, शेवटच्या वानराच्या मागे. बाई आनंदाने रडल्या.

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. धनेशने प्रत्येकाला घॅक सांगितलं. डोळे मात्र रांगेच्या टोकाला होते. आता बाईंची पाळी येईल, हात आत जाईल आणि पिल्लांना उंबरं मिळतील.

पाळी आली. बाईंनी डगल्याचं बटण लावलं आणि घसा खाकरला.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

धनेश मटकन खाली बसला.

तिकडे ढोलीत पिल्लांनी टाहो फोडला होता. धनेशीण वाट पाहून पाहून चिडली. तिने चोचीने चिखलाची भिंत फोडली. बसून बसून पिसं गळाली होती, उडता येईना. ती तशीच तरातरा चालत रुग्णालयात आली.

"अहो, इथे बसलात होय! पोरं उपाशी मरतायत तिकडे!" असं म्हणून तिने नवऱ्याच्या पाठीत असा दणका घातला की बी सुटली आणि थेट प्रोफेसर गव्यांच्या नाकपुडीत जाऊन बसली.

"चल घरी," धनेश म्हणाला. त्या दिवसातला हा त्याचा पहिला शब्द. दोघं चालतच निघाली. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण आता सगळ्यांचं लक्ष प्रोफेसरांकडे होतं.

"फूंऽ!" प्रोफेसर म्हणाले आणि डोळ्यांनी शेकरूबाईंना खुणावू लागले.

बाईंचा हात शिवशिवला. पण त्यांनी तो डगल्याच्या खिशात घातला आणि त्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिलं वानर पुढे झालं.

"काय होतंय, सर?"

तात्पर्य: कुणी फारच चांगलं काम करू लागलं, तर त्याला हाकलू नये. प्रेमाने आपल्यात सामावून घ्यावं. मग तो त्रास आपोआप थांबतो.