दगडाच्या पुढचे सहा किलोमीटर

हिवरवाडीच्या सर्जेराव माळव्याचं घर दर शनिवारी सकाळी सातला सहलीला निघायचं आणि रविवारी दिवेलागणीच्या आत परत येऊन आपल्या जोत्यावर बसायचं. तालुक्यातली बाकीची घरंही जायची. डॉक्टर पाटणकरांचा दुमजली बंगला धरणाच्या पलीकडं कधी गेला नाही, कारण त्याला चढ सोसत नसे. शाळेला आणि दवाखान्याला सहलीची परवानगी नव्हती आणि ते बरोबरच होतं.

नियम साधे होते. घरानं जोत्यापासून चाळीस किलोमीटरच्या आत राहायचं. रविवारी अंधार पडायच्या आत परतायचं. आणि मागं जोतं राखायला एक तरी माणूस ठेवायचं, कारण मोकळं जोतं दिसलं की वाटेनं जाणारं एखादं घर त्यावर बसकण मारतं आणि मग देव आला तरी उठत नाही. माळव्यांचं जोतं सर्जेराव राखायचा. त्याची पिठाची गिरणी शनिवारी चालू असायची, त्यामुळं त्याला ते सोयीचंही होतं. ताडपत्रीखाली खाट टाकून तो पडायचा.

घराबरोबर जायची ती त्याची बायको शालन. शुक्रवारी संध्याकाळी ती नळाची जोडणी सोडायची, पिंपं भरून घ्यायची, खांबावरची तार काढायला वायरमनला हाक मारायची, बरण्या जुन्या लुगड्यात गुंडाळून फडताळात कोंबायची. घर बैलगाडीच्या चालीनं चाललं तरी लोणच्याची बरणी फुटायला एक खड्डा पुरतो. जायची तिला हौस होती असं नाही. पण आतल्या खोलीत तिची सासू, अनुबाई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागायचा. शालन तिला आत्याबाई म्हणायची.

पूर्वी घर मनाला येईल तिकडं जायचं. कधी आमराईत, कधी ओढ्याकाठी. एकदा तर उगाच साखर कारखान्यामागं जाऊन दोन दिवस मळीच्या वासात उभं राहिलं होतं. आत्याबाईंनी अंथरूण धरल्यापासून मात्र ते एकच वाट धरायचं, सोनवलीची. सोनवली आत्याबाईंचं माहेर, हिवरवाडीपासून सेहेचाळीस किलोमीटर. शनिवारी दुपारी तीनला घर तळ्याकाठच्या चाळिसाव्या दगडाशी पोचायचं आणि थांबायचं. घरं सरकारी कागद मोडत नाहीत. ती खोड माणसांची.

तिथून खिडकीतून सोनवलीच्या डोंगराचा माथा दिसायचा. आत्याबाई तो बघत राहायच्या.

"त्या खालच्या अंगाला आमचं घर, शालन. पायरीला एक दगड हलता हाय. नवा माणूस हमखास धडपडतो."

रविवारी नऊला घर माघारी वळलं की आत्याबाई भिंतीकडं तोंड करायच्या आणि सोमवारपर्यंत अन्नाला शिवायच्या नाहीत. एकदा शालननं चिडून भिंतीवर थाप मारली होती. "लांबनं शेंडा दाखवायचा आन माघारी आणायचं, ह्याला काय सहल म्हणायची व्हय रं?"

आता कुणीही म्हणेल की एवढंच आहे तर जीप करून न्यावं म्हातारीला. सर्जेरावानं जीप आणली होती, गादी टाकून. आत्याबाईंनी खाटेचा खूर धरला तो सोडला नाही.

"न्यायला कोण आलंय माझ्या माहेरचं?"

"आई, आता कोण येणार? मामाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याची पोरं सुरतंला. घराला कुलूप हाय."

"मग मी कशी जाऊ? लेकीला न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. न बोलावता दारात जाऊन उभी राहू? काय वाटंल घराला?"

भाऊ होता तोवर दर पंचमीला न्यायला यायचा, बैलगाडीनं आणि नंतर एसटीनं. तो गेला आणि अकरा वर्षं कुणी आलं नाही. सहलीचं निराळं होतं. सासरचं घरच आपल्या पायानं तिकडं निघालं तर त्याला ती काय करणार? पण त्या घराच्या वाटेत चाळिसावा दगड होता.

भाद्रपदात डॉक्टर पाटणकर तपासून गेले. ओट्यावर सर्जेरावाचा हात धरून म्हणाले, "महिना. फार तर दीड. खायला मागतील ते द्या." सर्जेराव गिरणीत गेला आणि पट्टा चालू करून, दळण नसताना, बराच वेळ तिथंच बसला. गिरणीच्या आवाजात रडलेलं कुणाला ऐकू येत नाही.

सोमवारी शालन तहसील कचेरीत गेली. घर-सहल विभागाला मुल्लाणी नावाचे भाऊसाहेब होते. भला माणूस, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा.

"भाऊसाहेब, सहा किलोमीटर वाढवून द्या. एकदाच."

"वहिनी, सहा काय न् सहाशे काय, माझ्या हातात नाही. जिल्ह्याला प्रस्ताव जाणार, तिथून वर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तुम्हाला माहीत आहे."

"सहा महिने न्हाईत आमच्याकडं."

मुल्लाणींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. शालन उठली नाही. समोरच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता, त्यावर प्रत्येक गावाभोवती एक गोल काढलेला. ती बघत राहिली. हिवरवाडीचा गोल तळ्याशी संपत होता. सोनवलीचा गोल तळ्याच्या कितीतरी अलीकडंपर्यंत आला होता.

"भाऊसाहेब, सोनवलीच्या घरांनाबी चाळीस किलोमीटर हायती का?"

"सगळ्यांना सारखेच."

"मग ते घर तळ्यावर आलं तर?"

"कोणतं?"

"आत्याबाईंच्या माहेरचं. कुलपात हाय."

मुल्लाणींनी नियमांचं पुस्तक काढलं. बंद घराला सहल मिळत नव्हती. पण ज्या घरात चूल पेटली आणि एक रात्र माणूस झोपलं, ते घर बंद मानता येत नव्हतं. जोतं राखायला शेजारी चालत होता. "परवानगी मी देईन," ते म्हणाले, "पण वहिनी, परवानगी म्हणजे जाणं नव्हे. घर आपल्या मनानं निघतं. अकरा वर्षं बसलेलं घर, आत माणूस नाही. ते कशाला उठेल?"

"ते मी बघते."

बुधवारी सर्जेरावाला आईजवळ बसवून, तालुक्याला काम आहे एवढंच सांगून, शालन एसटीनं सोनवलीला गेली. पायरीवर धडपडली. किल्ली शेजारच्या सीताबाईंकडं होती. जोतं राखायलाही त्याच तयार झाल्या. आत कोळिष्टकं, उंदरांच्या लेंड्या आणि कौलावरून गळालेल्या पाण्याचे डाग. तिनं झाडलं, सारवलं, चूल पेटवली, भात टाकला. जेवण झाल्यावर ती मधल्या खांबाला टेकून बसली आणि मोठ्यानं बोलली. घराशी बोलायची तिला सवय होती.

"तुमची लेक तळ्यापर्यंत येते बघा, दर शनिवारी. पुढं येता येत न्हाई तिला. आन न्यायला गेल्याबिगर ती यायची न्हाई, तुम्हाला तिचा स्वभाव ठावं हाय. आता न्यायला जायला तुमच्याबिगर कुणी उरलं न्हाई."

सकाळी तिनं दाराला कुलूप न लावता नुसती कडी घातली आणि तालुक्याला जाऊन अर्ज भरला. त्यात 'राहत्या व्यक्तीचं घराशी नातं' असा रकाना होता. तिनं 'लेकीची सून' असं लिहिलं. मुल्लाणी म्हणाले, असं नातं यादीत नाही. मग त्यांनी यादीच्या खाली ते स्वतःच्या हातानं लिहिलं आणि शिक्का मारला.

शनिवारी तीनला माळव्यांचं घर तळ्यावर पोचलं. दगडापुढचा रस्ता मोकळा होता. शालननं आत्याबाईंना काही सांगितलं नव्हतं. आशा लावायची आणि मग तीही मोडायची, एवढी छाती तिच्यात नव्हती. संध्याकाळ झाली. रस्त्यानं एक उसाची ट्रॉली गेली, दोन शेळ्या गेल्या. शालन उंबऱ्यात बसून राहिली.

रविवारी सकाळी आत्याबाईंनी चहाही घेतला नाही. श्वास घेताना त्यांच्या छातीत घरघर होत होती. "पुढच्या शनिवारी मला आणू नगंस, शालन," त्या म्हणाल्या. "लई झालं बघून."

साडेआठ वाजले. नऊला घर वळणार होतं. शालननं भांडी आवरायला घेतली आणि कळशी तिथंच ठेवून ती बाहेर आली. तेव्हा वळणावर कौलं दिसली.

घर फार सावकाश येत होतं. एका अंगाला कललेलं, कौलांवर गवत, दाराला नुसती कडी. दोनदा थांबलं. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका बाजूला झाल्या आणि त्यांनी त्याला वाट दिली. दगडाशी येऊन ते माळव्यांच्या घरासमोर, उंबऱ्यासमोर उंबरा करून, उभं राहिलं.

शालन आत धावली. "आत्याबाई, उठा. म्हणजे उठू नका. न्यायला आल्यात तुम्हाला."

"कोण?"

"बघा की."

आत्याबाईंनी खिडकीतून बघितलं. मग डोक्यावरचा पदर चाचपत म्हणाल्या, "माझं चांगलं लुगडं काढ. ह्या अवतारात जाऊ काय?"

धुणाऱ्या बायकांतल्या चौघींनी खाट उचलली. या उंबऱ्यातून त्या उंबऱ्यात दहा पावलं होती. हलत्या दगडाशी आत्याबाई ओरडल्या, "जपून गं!", आणि शालननं दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला. नऊ वाजता दोन्ही घरं वळली. माळव्यांचं घर रिकामंच हिवरवाडीला निघालं. शालन सोनवलीच्या घरात बसली, खाटेच्या पायथ्याशी. सहा किलोमीटर जायला अडीच तास लागले. आत्याबाई सगळा वेळ जाग्या होत्या आणि आढ्याकडं बघत होत्या. घर जोत्यावर टेकलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पोचले का गं?"

"पोचलात."

त्या दिवशी त्यांनी वाटीभर दहीभात खाल्ला.

सोमवारी उजाडताच दारात ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. घर रिकामं परतलेलं बघून सर्जेरावानं रात्रभर चौकशी केली होती आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तो आला होता. त्याचे डोळे तांबारले होते. "तुला कळतंय का तू काय केलंस ते?" तो शालनला म्हणाला. "ह्या गावात ना डॉक्टर ना दवाखाना. हितं काय झालं म्हंजे? चल, घाल तिला गाडीत."

आतून आवाज आला. "कोण आलंय गं?"

"तुमचा मुलगा आलाय, आत्याबाई."

"न्यायला आलाय?"

शालननं सर्जेरावाकडं बघितलं.

"त्याला च्या दे," आत्याबाई म्हणाल्या. "आन सांग, मी कालच आलेय म्हणावं. इतक्यात न्यायला आलास तर लोकं हसतील."

सर्जेराव पायरीवर बसला. गिरणी तिथं नव्हती, त्यामुळं त्याचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं. शालननं त्याच्या शेजारी चहा ठेवला आणि तीही बसली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट बघितली, मग वही घेऊन खाली उतरला.

"पेशंट कुठंय?"

सर्जेरावानं तोंड पुसलं.

"पेशंट न्हाई हितं," तो म्हणाला. "माहेरवाशीण हाय."

ड्रायव्हरनं वहीत तसं लिहून घेतलं आणि गाडी वळवली.