पेंडसेकाकांची लाल फुलं

नोव्हेंबर उजाडला की पेंडसेकाकांपासून छाती सांभाळावी लागते. माणूस तसा निरुपद्रवी. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेला. पण त्या दिवसांत त्यांच्या खिशात टाचण्या आणि पॉपीची कापडी लाल फुलं असतात, आणि समोर येईल त्याच्या शर्टाला ते एक टोचतात. माझ्या बाबतीत टाचणी तीनदा शर्टाच्या पलीकडे गेली. ओरडलो, तर म्हणाले, "नो वरीज! भूल न देता टोचायची सवय नाही रे मला."

'नो वरीज' हे त्यांचं पालुपद. ते कानावर आलं की समजावं, काळजीचं कारण आहे. "नो वरीज, तुझं मागचं टायर बसलंय." "नो वरीज, आपण रस्ता चुकलोय."

एका वर्षी दिवाळी नोव्हेंबरात आली. काका फराळाला सिल्कच्या झब्ब्यावर पॉपी लावून हजर.

"आजोबा, इट्स फॉर द इलेव्हन्थ!" माझी मुलगी सई म्हणाली.

काकांनी चकली खाली ठेवली. "अगं, पहिल्या महायुद्धात रणभूमीचा नुसता चिखल झाला होता. त्या चिखलात ही फुलं उगवली. म्हणून अकरा नोव्हेंबरला गेलेल्या सैनिकांसाठी लावायची. पण आठवण काय तारीख बघून येते?"

मला वाटायचं, काकू गेल्यापासून माणूस एकटा आहे, काहीतरी छंद हवाच.

मागच्या अकरा नोव्हेंबरला त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती. मी त्यांना एका वृद्धाश्रमात सोडायला निघालो. वाटेत ते आपणहून बोलले.

"कॉलिन आमचा शेजारी. तुझ्या काकूची, नलूची केमो चालू होती, मी शिफ्टवर, तिला ड्रायव्हिंग येत नव्हतं. हा सात महिने तिला नेत-आणत होता. आभार मानायला गेलो की लॉन कापायला पळायचा. नलूला पुढे अठरा वर्षं मिळाली." मग म्हणाले, "व्हिएतनामच्या युद्धावरून परत आला तेव्हा लोकांनी तोंड फिरवलं होतं रे याच्याकडे बघून."

कॉलिन खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याने काकांना ओळखलं नाही. काका स्वेटरला फूल लावायला वाकले, तर त्याने हात धरला.

"मला नको. हे परत न आलेल्या पोरांसाठी असतं."

"मग त्यांच्यासाठी लाव, मेट."

त्याने लावू दिलं. अकरा वाजता हॉलमध्ये सैनिकांसाठी एक मिनिट शांतता पाळली. कॉलिन थरथरत उभा राहिला, काकांनी त्याला कमरेशी धरलं. ते मिनिट संपलं तेव्हा त्याने काकांच्या छातीवरच्या फुलाकडे बोट केलं.

"तुझं कुणासाठी?"

"माझा एक शेजारी होता. माझ्या बायकोला हॉस्पिटलात न्यायचा."

"चांगला माणूस?"

"फार चांगला."

कॉलिनने समाधानाने मान हलवली. "मग एकदा घेऊन ये त्याला इकडे."

"आणतो," काका म्हणाले, आणि त्याला हळूच खुर्चीत बसवलं.